आश्वासनाखाली जमाखर्च लिहून मागा

महाराष्ट्रातल्या सर्व मतदारांना ही कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा होतात त्या भगिनींना तर विशेष विनंती, कारण इथे जे मागितले आहे त्याची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे.

पुढच्या निवडणुकीची तारीख जाहीर होईपर्यंत थांबू नका. आचारसंहिता लागली की सरकारी फलक झाकले जातात, कोनशिलांवर कागद चिकटवले जातात आणि आता कुणाचे तरी लक्ष आहे असे आपल्याला वाटते. पण तिजोरीवरचा बोजा त्याआधीच टाकून झालेला असतो. २०२४ चा क्रम आठवून पाहा. २८ जूनला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर केली. अर्थसंकल्प मांडून पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच जवळपास ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या विधिमंडळात आल्या. त्यांतले २५ हजार कोटी या एका योजनेसाठी होते. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन हप्ते एकदम जमा झाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नोव्हेंबरचा हप्तासुद्धा आगाऊ मिळाला. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. पाच महिन्यांत एवढा मोठा, दरवर्षी चालू राहणारा खर्च राज्याने अंगावर घेतला, आणि निवडणूक आयोगाचे काम सुरू होईपर्यंत तो घेऊन झालेला होता.

म्हणून हे आवाहन आज, धुरळा उडण्याआधी. मागणी एकच आहे. पक्ष कोणताही असो, त्याने पैशाचे आश्वासन दिले की त्याखाली लिहून द्यावे: याला वर्षाला किती खर्च येईल, तो कुठून आणणार, कोणता कर वाढवणार, कोणता खर्च कमी करणार, कर्ज काढणार असेल तर किती. हे लिहिलेले नसेल तर ते आश्वासन धरू नये आणि त्यावर मत देऊ नये.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्यापुढे काय काय मांडले गेले होते, ते पुन्हा पाहू. ५ तारखेला महायुतीने कोल्हापुरात दहा वचने दिली. दीड हजाराचे एकवीसशे करू, शेतकऱ्यांचे कर्ज माफ करू, दहा लाख विद्यार्थ्यांना दरमहा दहा हजार विद्यावेतन देऊ, वीजबिल तीस टक्क्यांनी कमी करू, अशी ती यादी होती. दुसऱ्याच दिवशी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात महाविकास आघाडीने पाच गॅरंट्या दिल्या. महिलांना दरमहा तीन हजार आणि बसप्रवास मोफत, शेतकऱ्यांना तीन लाखांपर्यंत कर्जमाफी, बेरोजगार तरुणांना महिना चार हजारांपर्यंत मदत.

आता पाटी-पेन्सिल घ्या. अडीच कोटी भगिनी धरा. महिना दीड हजार म्हणजे एकीला वर्षाला १८ हजार, सगळ्यांना ४५ हजार कोटी. एकवीसशे केले की ६३ हजार कोटी. तीन हजार केले की ९० हजार कोटी. विद्यार्थ्यांचे विद्यावेतन वर्षाला १२ हजार कोटी. कर्जमाफी, वीजबिल, बसप्रवास हे अजून यात धरलेलेच नाही. हा गुणाकार कुणालाही पाच मिनिटांत जमतो. तरीही प्रचाराच्या त्या दिवसांत किती सभांमध्ये तो मोठ्याने केला गेला? दोन्ही बाजूंची चढाओढ आकडा वाढवण्याची होती. एकाने एकवीसशे म्हटले की दुसरा तीन हजार म्हणणार, आणि एवढे पैसे आणणार कुठून हे विचारणारा माणूस गरिबांचा वैरी ठरणार.

उत्तर मार्च २०२५ मध्ये मिळाले. १० तारखेच्या अर्थसंकल्पात एकवीसशेचा उल्लेख नव्हता. वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असे ज्या योजनेबद्दल सांगितले होते, तिला ३६ हजार कोटी दिले गेले. त्याच अर्थसंकल्पात ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट होती, म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदान हा नेहमीचा कारभारसुद्धा मिळकतीत भागत नव्हता. राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. कर्जमाफीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांना त्याच महिन्यात सांगितले गेले की ३१ मार्चपर्यंत पीककर्जाचे हप्ते भरा. ऑक्टोबरअखेरीस नागपूरच्या रस्त्यांवर आंदोलन पेटले तेव्हा कुठे ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ, असा शब्द सरकारने दिला.

पैसा अपुरा पडला की तो कुठून ओढला जातो, हे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. लाभार्थींमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या महिलाही आहेत, असे सरकारचे म्हणणे आहे, आणि ते खोटे नाही. पण हे पैसे वसतिगृहांचे, शिष्यवृत्त्यांचे, आश्रमशाळांचे असतात. आईच्या खात्यात दीड हजार येतात आणि तिच्याच मुलाची शिष्यवृत्ती रखडते, याला मदत कसे म्हणायचे? सणासुदीला रेशन दुकानात शंभर रुपयांत मिळणारा ‘आनंदाचा शिधा’ २०२५ च्या गणपतीत आणि दिवाळीत मिळाला नाही. रस्ते आणि पाणीयोजनांची कामे केलेले कंत्राटदार थकीत देयकांसाठी वर्षभर आंदोलन करत होते. मोठा कंत्राटदार तग धरतो. ग्रामपंचायतीची छोटी कामे घेणारा, सिमेंट-खडी उधारीवर उचलणारा तरुण त्यात बुडतो, आणि त्याच्या हाताखालच्या मजुरांचा आठवडा थकतो.

आणि खुद्द त्या भगिनींच्या वाट्याला काय आले? निवडणुकीआधी अर्ज धडाधड मंजूर होत होते. निवडणूक झाल्यावर पडताळणी सुरू झाली आणि जुलै २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजार खात्यांचा लाभ थांबवल्याचे सरकारने सांगितले. त्यांत अपात्र माणसे होतीच, पुरुषसुद्धा निघाले. मग ही चाळणी आधी का लावली नाही? सप्टेंबरमध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. बाईचा स्वतःचा आधार क्रमांक पुरेना, नवऱ्याचा किंवा वडिलांचाही हवा, आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी हवा. नवरा वारलेला, वडील त्याआधीच गेलेले, अशी बाई तो ओटीपी कुठून आणणार? सोयाबीन काढणीचे दिवस होते, मराठवाड्यात पुराने शेते खरवडून नेली होती. तशात रोज बुडवून महा ई-सेवा केंद्राच्या दारात बसायचे, सर्व्हर चालू होण्याची वाट पाहायची, आणि आत गेल्यावर ऐकायचे की मृत्यूचा दाखला आणा. ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि विधवा-परित्यक्तांसाठी वेगळी सोय केली. आधी हिशेब न केल्याची किंमत अशी वसूल झाली, आणि ती दिली त्या रांगेतल्या बाईने.

म्हणून एक गोष्ट इथे स्वच्छ सांगतो. या योजनेचा पैसा घेणारी बाई दोषी नाही. दीड हजारात औषधे येतात, मुलीच्या एसटीचा पास निघतो, नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. ‘फुकटे’ म्हणून तिला हिणवणाऱ्यांशी या आवाहनाचा काही संबंध नाही. शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या हातात राज्याने थेट पैसे देणे ही लाजेची बाब नाही, आणि ते देता येतील असे राज्य उभे करणे हे तर राजकारणाचे कामच आहे. प्रश्न एवढाच आहे की शब्द देणाऱ्याने पैशाची सोय केली आहे का.

तशी सोय करून शब्द देता येतो, हे याच महाराष्ट्राने सबंध देशाला दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला, नाला-बांधावर माती टाकायला रस्त्यावर उतरले. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली. मागेल त्याला काम, हे साधे आश्वासन नव्हते. किती माणसे कामावर येतील, किती दुष्काळ पडतील, याची मोजदाद आधी करणे कठीण होते. तरी त्या पिढीच्या आमदारांनी काय केले? १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. शहरात नोकरी-धंदा करणाऱ्याने गावातल्या बेकारासाठी थोडे पैसे द्यायचे, आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालायची. त्यानंतर १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. आधी पैशाची वाट बांधली, मग कायद्याने शब्द दिला. आजही नोकरदाराच्या पगारपत्रकात पाहा: ‘व्यवसाय कर’ म्हणून महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, सालाला अडीच हजार कापलेले दिसतात. पुढे रोजगार हमीत बोगस मस्टर निघाले, कामे निकृष्ट झाली, हे सगळे खरे. पण त्या योजनेचे पैसे कुठून येणार हे शाळामास्तरापासून गिरणी कामगारापर्यंत प्रत्येकाला ठाऊक होते, कारण ते त्याच्याच पगारातून जात होते. आपण दुसऱ्याचे देणे लागतो, ही जाणीवही त्यातूनच आली. आजच्या कोणत्या वचननाम्यात असे एखादे ओझे स्वतःच्या मतदारांवर घालायची हिंमत आहे?

उलटही घडलेले आहे. २००४ मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. शेतकऱ्यांच्या हाती शून्य रकमेची बिले पडली. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी जिंकली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि २००५ मध्ये योजना गुंडाळली गेली. त्याआधी १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीने चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरांचे वचन दिले होते, त्याचे काय झाले हे मुंबईकराला सांगायला नको. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी ‘रेवडी संस्कृती’वर कडक टीका केली, आणि दोन वर्षांनी त्यांच्याच पक्षाने महाराष्ट्रात एकवीसशेचे वचन दिले. एकही पक्ष यातून सुटत नाही. म्हणून पक्षांनी स्वतःहून सुधारावे, ही आशा मी ठेवत नाही.

कायदा काय म्हणतो? तमिळनाडूत २००६ च्या निवडणुकीत रंगीत टीव्ही फुकट देण्याचे आश्वासन दिले गेले, त्यावरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ५ जुलै २०१३ रोजी न्या. सदाशिवम आणि न्या. गोगोई यांनी निकाल दिला. जाहीरनाम्यातले वचन हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट मार्ग ठरत नाही, पण अशा खैरातीने निष्पक्ष निवडणुकीचा पाया हादरतो, असे त्यांनी नोंदवले आणि निवडणूक आयोगाला नियम करायला सांगितले. त्याप्रमाणे २०१४ मध्ये आचारसंहितेत आठवा भाग जोडला गेला. त्यात लिहिले आहे की जाहीरनाम्यातल्या आश्वासनामागचे कारण सांगावे आणि त्यासाठी लागणारा पैसा कसा उभारणार हे ढोबळमानाने नमूद करावे. म्हणजे आपण जे मागतो आहोत ते नवे नाही, दहा वर्षांहून जास्त काळ छापील पडून आहे. ते पाळले नाही म्हणून कुणाला शिक्षा होत नाही, आणि आपण मतदारही कधी विचारत नाही.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने एक पाऊल पुढे टाकले. आश्वासनाचा खर्च, लाभार्थींची संख्या, पैसा उभारण्याचे मार्ग आणि राज्याच्या कर्जावर होणारा परिणाम हे सगळे एका ठरावीक तक्त्यात भरून द्यावे, असा प्रस्ताव त्याने पक्षांपुढे ठेवला. अनेक पक्षांनी विरोध केला आणि तो तक्ता सक्तीचा झाला नाही. सर्वोच्च न्यायालयात याच विषयावरचे प्रकरण ऑगस्ट २०२२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवले गेले. आपण त्याची वाट पाहत बसलो तर आणखी दोन-तीन निवडणुका निघून जातील.

पक्षांनी त्या तक्त्याला केलेल्या विरोधात एक मुद्दा बरोबर होता, तो मान्य केला पाहिजे. कल्याण कोणते आणि खैरात कोणती, हे आयोगातल्या अधिकाऱ्यांनी ठरवू नये. ते लोकांनीच ठरवायचे. आज कुणी शाळेतल्या माध्यान्ह भोजनाला खैरात म्हणणार नाही, पण एकेकाळी म्हणणारे होते. म्हणून आश्वासनावर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. त्याची किंमत सांगा, एवढेच म्हणतो. आणि हाच प्रश्न गरिबांच्या योजनांपुरता ठेवायचा नाही. शक्तिपीठ महामार्गाला, उद्योगांच्या प्रोत्साहन अनुदानाला, करसवलतींना, स्मारकांनाही तोच विचारायचा.

नेदरलँड्समध्ये १९८६ पासून पक्ष आपणहून जाहीरनाम्याचा हिशेब सरकारी नियोजन संस्थेकडून तपासून घेतात. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत २०१२ पासून यासाठी स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालय आहे. आपल्याकडे एन. के. सिंह समितीने २०१७ मध्ये स्वतंत्र राजकोषीय परिषदेची शिफारस केली, ती कागदावर राहिली. महाराष्ट्राने आपल्यापुरती अशी परिषद विधिमंडळाच्या अखत्यारीत नेमायला काय हरकत आहे? रोजगार हमी करताना आपण दिल्लीची वाट पाहिली नव्हती.

आता कामाचे. बचत गटांच्या भगिनींनो, तुमच्यापासून सुरुवात झाली पाहिजे. गटात कुणी कर्ज मागितले की तुम्ही वही उघडता आणि तिला तोंडावर विचारता, बाई, फेडणार कशातून? म्हैस विकत घेणार असेल तर दूध किती, डेअरी भाव काय देते, भाकड काळात काय करणार, हे सगळे विचारल्याशिवाय अध्यक्ष-सचिव सही करत नाहीत. दोन हजारांसाठी जी चौकशी तुम्ही जावेची, शेजारणीची करता, तीच उमेदवाराची करा. तो दारात येईल, ओवाळून घेईल, तेव्हा ताटाशेजारी वही ठेवा आणि त्याच्याकडून लिहून घ्या. वाईट वाटून घेण्यासारखे त्यात काही नाही. चालू योजना बंद पडू नये, अर्ध्यात कापली जाऊ नये, म्हणूनच हे विचारायचे आहे.

निवृत्त शिक्षक, बँकेतले, कोषागारातले, लेखापरीक्षण खात्यातले लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. तुम्हाला अर्थसंकल्पाची पुस्तके वाचता येतात, ती अर्थ विभागाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहेत. चार-पाच जणांनी वाचनालयात बसून प्रत्येक पक्षाच्या पैशाच्या आश्वासनांचा गुणाकार करावा आणि तो तक्ता बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर लावावा. महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र विभागांनी मुलांना हाच प्रकल्प द्यावा. वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना विनंती, की आश्वासनाची बातमी देताना वार्षिक खर्चाचा आकडा त्याच बातमीत, त्याच टायपात छापा. पक्षाने तो दिला नसेल तर दिला नाही असे छापा.

आमदारांकडे दोन गोष्टी मागा. विधानसभेची मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत रोख रकमेची कोणतीही नवी योजना आणायची असेल, तर तिच्या पाच वर्षांच्या खर्चाचा आणि उत्पन्नाचा तक्ता सभागृहात मांडून त्यावर चर्चा आणि मतदान झाल्याशिवाय पैसे वाटले जाऊ नयेत. आणि सामाजिक न्याय व आदिवासी विकास विभागाचा निधी दुसरीकडे वळवता येणार नाही, असा स्वतंत्र कायदा करा. कर्नाटकात आणि तेलंगणात असे कायदे झालेले आहेत. त्यांतही पळवाटा काढल्या गेल्या म्हणून आपला कायदा जास्त घट्ट हवा.

भारत निवडणूक आयोगाला, आणि प्रत मुंबईतल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना, असे पत्र पाठवा. ग्रामसभेत, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत, गटाच्या मासिक सभेत ठराव करून पाठवलेत तर जास्त चांगले. मजकूर इतकाच पुरे: ‘आपण ऑक्टोबर २०२२ मध्ये सुचवलेला खर्चाचा तक्ता पुढच्या निवडणुकीपासून सर्व पक्षांना सक्तीचा करावा. जाहीरनाम्यासोबत भरलेला तक्ता मराठीत प्रत्येक मतदान केंद्राबाहेर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर मतदानाच्या किमान दहा दिवस आधी लावावा. ज्या पक्षाने तो भरून दिला नाही, त्याचे नाव त्याच फलकावर लिहावे.’